पाठक सरांचं फाट्यावरचं गाणं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मी आधी हसलो. इंग्रजीतली रॉक आणि ब्लूजची गाणी पुढच्या पिढ्यांपर्यंत कोणती टिकतील, यावर तुमच्या धंद्याच्या अनुभवातून लिहा, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मी सेलूचा माणूस, दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेला. पुण्यामुंबईत कुणी भेटलं नाही काय? तर म्हणाले, "तिथल्या लोकांनी गाणी ऐकलेली असतात वसंतराव. तुम्ही ती उतरवून दिलेली आहेत." या वाक्याला मी भुललो आणि हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर मात्र जे आठवायचं नव्हतं नेमकं तेच आठवायला लागलं. म्हणून हा लेख दिवाळीच्या फराळासोबत वाचायला फारसा गोड लागणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सेलूच्या स्टेशन रोडवर माझं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. बाजारात तयार कॅसेट मिळायच्या, पण त्यातल्या दहा गाण्यांत तुमच्या आवडीची दोनच असायची. मग लोक कागदावर आपली यादी लिहून आणायचे. मी एका बाजूला मूळ कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी लावून एकेक गाणं उतरवून द्यायचो. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागायची. दुप्पट वेगानं उतरवणारी मशिनं नंतर आली, पण त्यात आवाज चिरका व्हायचा. मी ती घेतली नाहीत. एवढा एक ताठा मी शेवटपर्यंत सांभाळला.

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. त्यांना आम्ही कान म्हणायचो. गाणी भरून झाली की पेचकसानं कान मोडायचे, मग त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कान मोडायचे नाहीत, हा माझा नियम. काही लोक दोन दोन महिने विचार करायचे. आमच्या बाजारपेठेत एक कंपाउंडर होता. त्यानं एकच रडकं गाणं कॅसेटच्या दोन्ही बाजूंना भरून घेतलं, सलग, आठ आठ वेळा. कान मोडू का विचारलं तर म्हणाला, "नको, असू द्या." सहा महिन्यांनी तोच हसत आला. "आता हे पुसून लग्नाचे भरा." त्याचं लग्न जमलं होतं, अर्थात दुसरीकडे. मी तेव्हा दुकानातल्या लोकांना ही गोष्ट हसून सांगायचो. आता नाही सांगत.

एवढी वर्षं याद्या वाचून माझं एक मत पक्कं झालं होतं. जे गाणं लोक उतरवून नेतात ते टिकतं. ज्याच्या प्रती जास्त त्याचं आयुष्य जास्त. बाकी सगळी हवा. हे मत मी ज्याला त्याला ऐकवायचो, आणि ते खोडून काढणारा एकच माणूस माझ्या दुकानात यायचा, ते म्हणजे पाठक सर.

सर वालूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. उंच, वाळकुडे, शर्ट कायम पँटीच्या बाहेर. ते हैदराबादेत मामाकडे राहून शिकलेले. तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी एक गिटार आणि पिशवीभर इंग्रजी कॅसेट आणल्या होत्या. रविवारी येष्टीनं सेलूला यायचे, भाजी घ्यायचे आणि माझ्याकडे येऊन बसायचे. पहिल्यांदा त्यांनी एक कॅसेट उतरवायला दिली. मी लावली तर आत एक माणूस घोगऱ्या, फाटक्या आवाजात कण्हत होता. मी लगेच बंद केली. म्हटलं, "सर, ओरिजिनलच खराब हाय. ह्या माणसाचा आवाज बसलाय."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो वसंतराव, तो बसलेलाच आवाज ऐकायसाठी लोक पैसे मोजायलेत. हे ब्लूज हाय."

मग त्यांनी मला ब्लूज समजावून सांगितलं, आणि शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा ते माझ्या जास्त लक्षात राहिलं. गाण्यात तीन ओळी असतात. पहिल्या ओळीत माणूस आपलं गाऱ्हाणं सांगतो. दुसऱ्या ओळीत तेच पुन्हा सांगतो, कारण पहिल्यांदा कुणी ऐकलेलंच नसतं. तिसऱ्या ओळीत वाटतं आता उत्तर येईल, तर तिथंही नवीन गाऱ्हाणंच. मी म्हटलं, मग हे तहसीलमध्येच लिहिलेलं दिसतंय. सरांना ते लय आवडलं. पुढे कितीतरी दिवस ते ब्लूजला तहसीलची गाणी म्हणायचे.

रॉक मात्र मला त्यांनी नाही, युसूफ मास्तरांनी शिकवलं. युसूफ मास्तर म्हणजे आमच्याकडच्या बँडपार्टीचे मालक. एका रविवारी मी सरांची एक कॅसेट मोठ्यानं लावली होती. गाण्याच्या सुरुवातीला नुसती गिटार, चार-पाच सुरांचा एक तुकडा, तोच तोच, एखाद्यानं दार ठोकत राहावं तसा. रस्त्यावरून चाललेले मास्तर सायकल टेकवून आत आले.

"ये क्या बजा रा रे वसंता? फिरसे लगा."

तीनदा ऐकलं. गाणं सुरू झालं की हात वर करून म्हणायचे, "बस बस, उसको गाने की जरूरत नै." पंधरा दिवसांत तो तुकडा त्यांच्या ट्रंपेटवर आला आणि नवरदेव घोड्यावर बसला की तोच वाजायला लागला. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. पुतण्या बँड चालवतो. परवा एका वरातीत बाहेरगावचा कुणी शिकलेला पाहुणा त्याला म्हणाला की, हे तर जुनं इंग्रजी रॉकचं गाणं आहे. पुतण्या चिडला. "नै साब, ये हमारे चाचा की धुन है."

तेव्हा संपादकसाहेब, रॉकपुरतं माझं उत्तर हे घ्या. ज्याची सुरुवात बँडच्या ट्रंपेटवर बसते ते टिकेल. गाणाऱ्याचं नाव टिकणार नाही, शब्द टिकणार नाहीत. बाकीचं मात्र मला एवढ्या सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

पाठक सर वालूरला आणि त्यांच्या मिसेस येलदरीला. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या, धरणाच्या बाजूला. दोघांच्या नोकऱ्या दोन टोकांना आणि बदली काही केल्या होईना. शनिवारी शाळा सुटली की सर देवगाव फाट्यावर येऊन उभे राहायचे, जिंतूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत. कधी गाडी यायचीच नाही, कधी यायची ती भरलेली. कित्येक शनिवार ते तिथूनच परत फिरले. त्या आठवड्यात मग रविवारी माझ्या दुकानात बसायचे. सेलूत आले म्हणजे सरांना काल गाडी मिळाली नाही, एवढं मला न विचारता कळायचं.

एका मे महिन्यात ते गिटार घेऊन आले. म्हणाले, "वसंतराव, मी एक तयार केलंय. कुणाला सांगू नका. भरून द्या."

दुपारची वेळ होती. बाहेरचा आवाज नको म्हणून मी शटर खाली ओढलं आणि पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद केला. परभणी जिल्ह्यातला मे महिना आणि पत्र्याचं दुकान. दोघांच्या अंगातून धारा वाहत होत्या. मी डेकला माइक जोडला आणि सर गायले.

देवगाव फाट्यावर हुबा हाय, गाडी येईना
आरं फाट्यावर हुबा हाय, गाडी येईना
आली तं थांबंना, थांबली तं मला घेईना

मला हसू आलं, आणि तिसऱ्या ओळीला ते गेलं. सरांनी तिथं गिटारची तार बोटानं ओढून तिरपी केली, तसाच स्वतःचा आवाजही ओढला. तो सूर पेटीच्या कुठल्या पट्टीत बसणारा नव्हता. दोन पट्ट्यांच्या फटीतला होता. बोलताना त्यांचा आवाज साधा, वर्गातला. गाताना तो खोल कुठून तरी यायचा. अशी दोन कडवी झाली. तिसऱ्या कडव्यात वहिनींचं नाव होतं. तिथं ते दोनदा अडखळले आणि थांबले.

"कान मोडू का सर?"

"नको नको. तिसरं जमंना. नीट करून पुन्हा येतो. हे तिला ऐकवायचंय. अर्धवट कसं ऐकवू?"

मी कॅसेटवर 'पाठक सर – फाटा' अशी चिठ्ठी लावली आणि कान न मोडता ती फळीवर ठेवली.

पुढच्या लग्नसराईत वालूरचे माणिकराव आले. मोठी बागायत, नवा ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरला टेप. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न. ताजी गाणी हवी होती, तेव्हा गावोगाव वाजणारी, लगेच आणि एका कॅसेटमध्ये. माझ्याकडे एकही कोरी कॅसेट शिल्लक नव्हती. परभणीहून माल दुसऱ्या दिवशी येणार होता. माणिकराव हलेनात. "कायबी करा वसंतराव, पण भरून द्या. उद्या वरात हाय."

मी फळीकडे पाहिलं. कान न मोडलेली एकच कॅसेट होती.

इथं मी चुकून म्हणून सांगू शकतो. इतकी वर्षं मनाशी तसंच म्हणत आलो. पण चिठ्ठी माझ्याच हातची होती आणि मी ती वाचली. मनात हिशेब असा केला की सर पुन्हा गाणारच आहेत, त्यांनी स्वतःच अर्धवट म्हटलंय. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, ह्या फाट्यावरच्या गाऱ्हाण्याला कोण विचारतंय? ह्याची एक प्रत कुणी मागणार आहे का? माणिकरावांच्या यादीतली गाणी तेव्हा दिवसाला दहा माणसं मागायची. ती कायमची राहणार असं मला वाटत होतं. मी चिठ्ठी खरवडून काढली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. दोन्ही बाजू भरल्यावर माणिकरावांना विचारलं, "कान मोडू का?" ते म्हणाले, "मोडा की."

त्या लग्नसराईनंतरच्या पावसाळ्यात सरांची बदली झाली, जिंतूरच्या बाजूला, वहिनींजवळ. जाताना ते दुकानात पेढे घेऊन आले. म्हणाले, "माझं ते हाय ना?"

"हाय की. कुठं जातंय?" मी म्हणालो.

"राहू द्या. तिसरं जमलं की येतो."

ते आले नाहीत. एकत्र राहायला लागल्यावर वाट बघायचं गाणं कोण म्हणतं? गिटार माळ्यावर गेली असेल, मुलं झाली असतील. मला सुटल्यासारखं वाटलं. मग कॅसेटचा जमाना गेला, दुकान गेलं. आता मी घरच्या पुढच्या खोलीत जुन्या कॅसेट फोनमध्ये उतरवून देतो. कुणाच्या वडिलांचं कीर्तन, कुणाच्या बारशाच्या ओव्या. त्या उतरवताना फाट्याचं गाणं आठवायचं. मी ते डोक्यातून काढून टाकायचो.

मागच्या वर्षी एका सकाळी दारात रिक्षा थांबली. वहिनी उतरल्या, त्यांच्या मागे सर. सर ओळखू आले नाहीत. गळ्याला सुती रुमाल गुंडाळलेला. मी "या सर, किती वर्षांनी" म्हणालो तर ते नुसते हसले आणि खिशातून वही काढली.

वहिनी म्हणाल्या, "घशाचं ऑपरेशन झालं ह्यांचं, संभाजीनगरला. आवाजाची पेटीच काढून टाकली वो. आता लिहूनच बोलतात."

सरांनी वहीत लिहिलं, त्याच वळणदार अक्षरात, स्वल्पविरामासकट: 'वसंतराव, माझी ती कॅसेट आहे ना?'

वहिनी म्हणाल्या, "लय दिवसांपासून म्हणायलेत, म्हणजे लिहायलेत. ह्यांनी म्हणे माझ्यावर गाणं केलं होतं. मला तं पत्ताच न्हाई. मी म्हणलं, तुमी इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणून दाखवायचं की. तं लिहितात, पूर्ण झालं नव्हतं." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "अर्धं तर अर्धं. आवाज तरी ऐकायला भेटंल."

एवढं स्पष्ट झाल्यावर माणसानं तिथल्या तिथं खरं सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "असेल की, सर. माळ्यावर ट्रंका हायेत. आठ दिवस द्या."

ते गेल्यावर मी थेट वालूर गाठलं. माणिकराव खाटेवर होते, त्यांना काही आठवेना. मुलगा चांगला निघाला. शेडमध्ये नट-बोल्टच्या डब्याखाली जुन्या कॅसेटचं पोतं होतं, ते त्यानं ओतून दिलं. माझ्या हातची चिठ्ठी असलेली कॅसेट त्यात निघाली: 'माणिकराव – वरात'. त्यांच्याकडचा टेप अजून चालत होता. तिथंच लावून पाहिली. ज्या मुलीच्या लग्नासाठी ती भरली होती ती माहेरी आलेली होती, आता स्वतः आजी झालेली. तिनं दोन गाणी ऐकली.

"हे माझ्या वरातीत वाजले व्हय? मला तं एकबी आठवंना."

तिच्या सुना-नातवंडांनी माना हलवल्या. अंगणात दहा-बारा माणसं होती. त्यातल्या एकालाही त्या कॅसेटमधलं एक गाणं धड ओळखता आलं नाही. मी कायमची म्हणून भरलेली गाणी ती.

घरी येऊन मी हेडफोन लावून बसलो. धंद्यातली एक गोष्ट सांगतो. टेपवर नवं भरताना आधी एक छोटं हेड जुनं पुसत जातं आणि त्याच्या मागून दुसरं हेड नवं भरत जातं. पुसणारं हेड मळलेलं असलं की जुनं पुरतं पुसलं जात नाही. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ते बारीक ऐकू येतं, भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखं. इतर दुकानांतल्या कॅसेटमध्ये हे हमखास सापडायचं आणि मी त्या दुकानदारांना नावं ठेवायचो. मी रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं दोन्ही हेडं लख्ख पुसायचो. त्या कॅसेटमध्ये गाण्यांच्या मधल्या चौदा फटी होत्या. प्रत्येक फट मी आवाज पूर्ण वाढवून चार चार वेळा ऐकली. काहीही नव्हतं. टेपची सळसळ होती, बस. सेलू तालुक्यात इतकं चोख काम दुसरं कुणी करत नव्हतं. थोडं कमी चोख केलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी सर आणि वहिनी आले. या खेपेला मी पाणीसुद्धा न देता सगळं सांगितलं. चिठ्ठी वाचली होती हेही सांगितलं, आणि नंतर खोटं बोललो तेही. वहिनी खाली बघत राहिल्या. सरांनी खिशातून वही काढली. मग त्यांनी वहीत लिहिलं: 'त्यावर कोणती गाणी भरली?'

मी सांगितली. सरांचे खांदे हलायला लागले. तोंड उघडं, आवाज नाही. मी घाबरून वहिनींकडे पाहिलं.

वहिनी हळू म्हणाल्या, "हसायलेत का रडायलेत, आता मलाबी कळत न्हाई बघा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळानं सर शांत झाले. वहीचं कोरं पान काढून त्यांनी गाण्याचे शब्द लिहिले आणि पान वहिनींपुढं सरकवलं. वहिनींनी ते मोठ्यानं वाचलं, नोटीस वाचावी तसं. 'देवगाव फाट्यावर हुबा हाय, गाडी येईना.' वाचून झाल्यावर म्हणाल्या, "बरं हाय." त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. शब्दांना चाल नव्हती ना. सरांचा चेहरा पडला. गिटार वाजवून दाखवावी तर औषधांनी बोटांची टोकं बधिर झालेली, तार कुठली दाबली तेच कळत नव्हतं. नोटेशन त्यांना कधी येत नव्हतं, सगळं कानावरचं. मग त्यांनी ते पान माझ्याकडे वळवलं आणि वर एकच शब्द लिहिला: 'चाल?'

ते गाणं जगात दोनच माणसांनी ऐकलेलं होतं. एकाला ते नीट येत होतं, पण त्याला आवाज नव्हता. दुसरा मी.

मी आयुष्यात आरतीपलीकडे गायलो नाही. तरी म्हटलं. पहिली ओळ बरी आली असावी, सर टेबलावर ताल धरायला लागले. दुसऱ्या ओळीचे शब्द तेच, पण चाल थोडी वर सरकते. ती मी तशीच म्हटली, सरांनी मान हलवली, नाही. वहीत रेघ काढून दाखवली, इथं चढ, इथं उतार. दोन रविवार गेले तेव्हा दुसरी ओळ बसली. तिसऱ्या ओळीला मात्र मी अडलो. 'मला घेईना'मधला तो फटीतला सूर माझ्या गळ्यातून निघेना. एकतर खालच्या पट्टीवर पडायचा, नाहीतर वरच्या. सर डोळे मिटून ऐकायचे, कपाळाला आठी पडायची आणि मान आडवी हलायची. कधी त्यांचे ओठ उघडायचे, गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या आणि रुमालाआडच्या, ऑपरेशननं गळ्याला ठेवलेल्या भोकातून नुसती हवा यायची. मग ते वही उचलायचे, रेघ पुन्हा काढायचे. रेघ बरोबर होती. ती मला म्हणता येत नव्हती.

असे सहा-सात रविवार झाले. शेवटच्या रविवारी वहिनी आमच्या मंडळींसोबत मेथी निवडत बसल्या होत्या. मी नेहमीसारखा तिसरी ओळ चुकलो आणि पाणी प्यायला उठलो. मागून गुणगुणणं ऐकू आलं. वहिनी गात होत्या, मेथीकडे बघत, आपल्याच नादात. 'आली तं थांबंना, थांबली तं मला घेईना.' माझीच चाल, माझ्याच चुकीसकट, खालच्या पट्टीवर पडलेली.

सरांनी पेन्सिल ठेवली. ते वहिनींकडे बघत राहिले. वहिनींनी वर पाहिलं, लाजल्या, म्हणाल्या, "बसलंय की वो माझ्या तोंडात. असंच हाय ना ते?"

सरांनी मान हलवली. उभी, हो म्हणून.

मी विचारलं, "सर? बरोबर हाय?" त्यांनी माझ्याकडे न बघता पुन्हा तशीच मान हलवली. मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. ते बरोबर नव्हतं.

वहिनींनी लगेच फोन पुढं केला. "मग ह्याच्यात भरून द्या भाऊजी. तुमीच म्हणा, ह्यांच्या जागी."

मी म्हटलं. सरांनी ताल धरला. दोन कडवी झाली. तिसऱ्या कडव्याचे शब्द त्यांनी कधी लिहूनच दिले नाहीत.

आता वहिनींचा अधूनमधून फोन येतो. गेल्या आठवड्यात आला होता. म्हणाल्या, रोज संध्याकाळी चहा झाला की गाणं लावते, लय बरं वाटतं, नातीलाही पाठ झालंय, शाळेत म्हणून दाखवलं तिनं.

"सर ऐकतात का?" मी विचारलं.

"बसलेले असतात की. पण ह्यांचं काय झालंय बघा भाऊजी, तिसरी ओळ आली की उठून आत जायलेत. रोजच. कामून करत असतील?"

मी म्हणालो, "उकडत असेल, वहिनी."